सगळेच खोटे बोलतात, मग बघायचं कुणाकडे? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत आणि शिव्या न देता लिहिलंत, हल्ली तेवढंही कुणी करत नाही, म्हणून उत्तरही जरा लांबणार आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की हवामानबदलावर लिहिताना मी शास्त्रज्ञांची बाजू डोळे झाकून घेतो, ह्याच लोकांनी 'हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत संपणार' असं ठोकून दिलं होतं, माध्यमं सगळी कुणाच्या ना कुणाच्या खिशात आहेत, आणि शिकलेल्या माणसाने कुणावरच विश्वास न ठेवता आकडे स्वतः बघून ठरवावं. शिवाय 1998 पासून तापमान वाढलेलंच नाही असा तो ग्राफही जोडलात.

आधी 2035. हो, आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या संशोधनाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची समिती) 2007 च्या अहवालात ते वाक्य होतं आणि ते निव्वळ बकवास होतं, शेकडो मीटर जाडीचा बर्फ इतक्यात वितळून जात नाही. ते आलं कुठून, तर एका पर्यावरण संस्थेच्या अहवालातून, आणि तिथे ते आलं होतं एका विज्ञान मासिकातल्या 1999 च्या बातमीवरून. मूळ शोधनिबंध वगैरे काही नाहीच! वर आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी, वेगळं काही सांगणाऱ्या भारत सरकारच्या अहवालाला 'वूडू सायन्स' म्हणून उडवून लावलं. इथपर्यंत सगळं तुमच्या बाजूचं. पण ह्या आकड्याचा माग कुणी काढला? कॅनडातल्या ग्रॅहम कॉग्ली ह्यांनी, ज्यांचं कामच हिमनद्या किती आटतायत ते मोजायचं. आपल्याच कंपूतल्या माणसाने वाभाडे काढले आणि जानेवारी 2010 मध्ये आयपीसीसीला जाहीरपणे चूक कबूल करावी लागली. आता मला सांगा, 'हिमनद्या वाढतायत' म्हणणारे जे फॉरवर्ड फिरतात, त्यातला एक तरी कुणी मागे घेतल्याचं तुम्ही पाहिलंय का?

'शिकलेल्या माणसाने आकडे बघावेत' हा मुद्दा मात्र मला खरा खटकला, कारण तो तपासून झालेला आहे. येल विद्यापीठातले डॅन कहान आणि त्यांचे सहकारी, 2013 चा प्रयोग. लोकांपुढे एक छोटासा तक्ता ठेवला: अंगावरच्या पुरळासाठी नवीन क्रीम, लावणाऱ्यांपैकी 223 जणांचं पुरळ कमी झालं आणि 75 जणांचं वाढलं, न लावणाऱ्यांपैकी 107 जणांचं कमी झालं आणि 21 जणांचं वाढलं. क्रीमचा उपयोग झाला का? वरवर बघितलं तर 223 हा आकडा केवढा मोठा, म्हणजे झालाच की. पण टक्केवारी काढली की लावणारे बरे झाले साधारण 75 टक्के आणि न लावणारे 84 टक्के, म्हणजे क्रीमने उलट त्रासच वाढवला. ज्यांचं गणित बरं त्यांना हे बऱ्यापैकी जमलं. मग आकडे तेच ठेवले आणि फक्त विषय बदलला, क्रीमच्या जागी लपवून पिस्तूल बाळगण्यावर (अमेरिकेतला पेटता राजकीय विषय) बंदी घातलेली शहरं आणि तिथे गुन्हे वाढले की कमी झाले, आणि इथे मात्र वरवरचं उत्तर आपल्या राजकीय मताला धरून असलं की माणसं तिथेच थांबायची, टक्केवारी काढायची ती फक्त उत्तर आवडलं नाही तर. आणि हे सगळ्यात जास्त कुणी केलं? ज्यांचं गणित पक्कं होतं त्यांनी. (हा प्रयोग माझ्या सोयीचा आहे, म्हणून हेही सांगतो की नंतर इतरांनी करून बघितला तेव्हा हा शेवटचा भाग प्रत्येक वेळी तसा आला नाही.) तेव्हा 'मी स्वतः आकडे बघतो' ह्याने काही सिद्ध होत नाही हो, प्रश्न हा आहे की मनासारखा निघालेला आकडा तुम्ही शेवटचा कधी तपासला होता.

आणि मुसळ फक्त तुमच्याच डोळ्यात आहे असं मी म्हणत नाहीये. ऑगस्ट 2019, ॲमेझॉन पेटलंय म्हणून जगभर हाहाकार, खुद्द फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन ट्वीट करतात की जगाचा 20 टक्के ऑक्सिजन देणारं जंगल जळतंय, आणि सोबतचा फोटो ज्या फोटोग्राफरचा तो 2003 मध्येच वारलेला! ते 20 टक्केही चूक, कारण ते जंगल जितका ऑक्सिजन बनवतं जवळजवळ तितकाच तिथे वापरलाही जातो. तरीही हे पर्यावरणवाल्यांनी डोळे मिटून पुढे ढकललं. आता दुसरी बाजू बघा. त्याच सुमारास ब्राझीलचे अध्यक्ष बोल्सोनारो स्वतःच्याच सरकारी अवकाश संस्थेचे जंगलतोडीचे आकडे खोटे म्हणाले आणि तिचे संचालक रिकार्डो गाल्व्हाव ह्यांना घरी बसवलं. वर्षाचा अंतिम हिशोब आला तो 10,000 चौरस किलोमीटरच्या वर, दहा वर्षांतला सगळ्यात जास्त. मग ह्यावरून 'दोघेही खोटारडे, फिट्टंफाट' असं म्हणायचं का? एकाचा फोटो चुकीचा होता, ऑक्सिजनचा आकडा चुकीचा होता, पण झाडं खरंच तोडली गेली होती. 'सगळेच विकलेले' म्हटलं की सगळ्यात जास्त सोय होते ती तोडणाऱ्याची, त्याला काही सिद्धच करावं लागत नाही.

राहिला तुमचा ग्राफ. तो 1998 ला सुरू होतो आणि 2012 ला संपतो, दोन्ही टोकं कुणीतरी नीट बघून निवडलेली आहेत. 1998 हे जोरदार एल निनोचं (प्रशांत महासागराचं पाणी तापून जगभरचं तापमान तात्पुरतं चढतं ते) वर्ष, त्या शिखरावरून रेघ ओढली की पुढची काही वर्षं सपाटच दिसणार. आणि 2012 नंतरचं त्यात नाही, कारण 2015 ते 2024 ही दहा वर्षं म्हणजे 2024 पर्यंतच्या नोंदीतली सगळ्यात गरम दहा वर्षं. आकडे फुकट मिळतात, नासाचे नको असतील तर जपानच्या हवामान खात्याचे घ्या, युरोपच्या कोपर्निकस हवामान सेवेचे घ्या. 1998 च्या जागी एकदा 1996 पासून आणि एकदा 1999 पासून रेघ ओढा, दोन्ही वेळा 2024 पर्यंत न्या, आणि जे काय दिसेल ते इथेच खाली टाका, मी काढून टाकणार नाही.