एचपीएलसी काय याच्या घरची आहे?

आमच्या लॅबमध्ये सरांपेक्षा सीनियर दादाचं राज्य चालतं. एचपीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या, रजिस्टरवर आठवडाभर त्याचंच नाव, खोडायची कोणाची टाप? नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या घरात, लाइट गेली की अख्खा रन वाया. तरी यंत्राचा कॉलम धुवायचा ज्युनियरने अन् क्रोमॅटोग्राम, म्हणजे निकालाचा आलेख, मिरवायचा यानं.

मीटिंगमध्ये नवी पोरगी काही बोलली की ‘ते झालंय करून’ म्हणत तिला गप्प करायचं. थोड्या वेळानं तेच स्वतःच्या तोंडून, आणि सर मान डोलावतात! बाकीचे मोबाइलमध्ये डोकं घालून. नंतर टपरीवर तर्रीपोहे खाताना मात्र सगळ्यांना कंठ फुटतो. काहून बे, तेव्हा वाचा बसली होती का?

पेपरचं तर विचारूच नका. आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष सांगतात, नुसता निधी आणला किंवा देखरेख केली म्हणून कोणी लेखक होत नाही. इथे फ्रीजरची किल्ली सांभाळली म्हणून दुसरं नाव! सरांना सांगावं तर ‘तुमचं तुम्ही पाहून घ्या’. त्यांचा प्रकल्प अहवाल हाच लिहून देतो ना, दुखवतील कसे?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीची मुदत ३ ते ६ वर्षं आहे. त्यातली किती याची मर्जी राखण्यात घालवायची?