‘बीए बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की सांगली-साताऱ्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: अनुदानित कॉलेजांतली कला शाखा म्हणजे सरकारी पैशाचा चुराडा. बीए करून नोकरी लागत नाही. इतिहास-समाजशास्त्र मोबाईलवर फुकट मिळतं. आणि आपला भाग इंजिनीअरांनी उभा केला, निबंध लिहिणाऱ्यांनी नव्हे. तेव्हा ही शाखा बंद करून कॉम्प्युटरचे कोर्स काढा. खाली ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही. शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण अंगठे त्यालाच जास्त पडलेत.

कोयना धरण इंजिनीअरांनी बांधलं, त्याच्या विजेवर राज्यातले कारखाने चालले, हे कोण नाकारतंय? पण बुडालेल्या गावांतली माणसं सोलापूरपासून ठाण्यापर्यंत विखुरली, आणि जमिनीच्या प्रश्नावर त्यांची नातवंडं अजून ठिय्या देऊन बसतात. पाणी कुठवर चढेल याचा हिशेब चोख होता. कूळ म्हणून कसणाऱ्याला काय द्यायचं, ज्या बलुतेदाराच्या नावावर जमीनच नव्हती त्याचं नुकसान कशात मोजायचं, एका चुलीवर जेवणारे चार भाऊ एक कुटुंब धरायचे की चार, याचा हिशेब कुठल्या नकाशात येणार? धरण १९६० च्या दशकातच पुरं झालं. राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६ चा.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे. खानापूर तालुक्यातलं बळीराजा धरण. येरळा नदीची वाळू विकून त्याला पैसा उभा केला आणि पाणी जमिनीच्या मापानं न देता कुटुंबाला द्यायचं ठरवलं, भूमिहीनालाही वाटा. भिंत उभी करायला स्थापत्यशास्त्र लागलंच. पण पाण्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्न समाजशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या वर्गातला आहे. या धरणामागच्या चळवळीतल्या डॉ. गेल ऑम्वेट समाजशास्त्रज्ञ होत्या. महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर पीएचडी करणारी ही अमेरिकन बाई पुढे भारताची नागरिक झाली आणि वाळव्यातल्या कासेगावात राहिली.

साखर कारखान्यांचं तर विचारूच नका. साताऱ्यातल्या कॉमर्स कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते धनंजयराव गाडगीळ अर्थशास्त्रज्ञ, आणि प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष. मशिनरी विकत आणता येते. हजारो सभासदांनी एकत्र पैसा घालायचा आणि एकेकाला एकच मत, ही व्यवस्था मात्र कुणाला तरी बसून विचारानं बांधावी लागते.

आता नोकरी. सांगलीच्या विश्रामबागेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा. बीई झालेली पोरं अकरावीचं इतिहासाचं पुस्तक, राज्यघटना आणि भूगोल पाठ करत बसलेली दिसतील. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, निबंधही आला. म्हणजे ज्या ‘निबंध लिहिणाऱ्यांना’ मेसेज हसतो, तेच लिहिणं आता साहेब व्हायला लागतं. बीएला लगेच पगार मिळतो असं माझं म्हणणं नाही. पण ‘बीएमुळे नोकरी नाही’ म्हणताना, बीई करूनही तो मुलगा त्याच अभ्यासिकेत का आहे, हेही सांगा की!

मोबाईलवर सगळं मिळतं? पत्रीसरकारचं बघा. क्रांतिसिंह नाना पाटलांवर व्हिडिओ पोत्यानं आहेत आणि बहुतेक तळपायांना पत्री ठोकण्याच्या गोष्टीवरच संपतात. ही गोष्ट पहिल्यांदा कुणी सांगितली, गावोगावची न्यायमंडळं निवाडे कसे देत, इंग्रजांच्या कागदांत आणि कार्यकर्त्यांच्या आठवणींत फरक का पडतो, हे मोबाईल सांगत नाही, कारण ते आपण त्याला विचारतच नाही. विचारायची सवय कुणीतरी समोर बसवून लावावी लागते. २०१९ च्या पुरानंतर, पाणी कुठवर येऊ शकतं हे दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा सगळ्यांच्या तोंडी आली. पण गोठ्यात जनावरं असताना माणूस घर का सोडत नाही, हे त्याच्या ओसरीवर बसल्याशिवाय कळत नाही.

राहिला पैसा. अनुदानित कॉलेजात मंजूर जागांचा पगार सरकार देतं, म्हणून बीएची फी शेतमजुराच्या मुलीला झेपते. मेसेजवाल्यांना हवेत ते कॉम्प्युटरचे कोर्स बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असतात. तिथला बराच खर्च पालकाच्या खिशातून जातो. म्हणजे बीए बंद केल्यावर ती मुलगी काही बीसीएला जाणार नाही, घरी बसेल, आणि मग स्थळं बघायला सुरुवात होईल. ‘कमवा आणि शिका’ सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यात हे सांगावं लागतंय, याचं जरा नवल वाटतं.

मेसेजमध्ये जे नाही तेच खरं दुखणं आहे. कायम प्राध्यापक निवृत्त होतो, जागा भरत नाहीत, तासिका तत्त्वावरचा माणूस दोन कॉलेजांच्या मध्ये एसटीत दिवस घालवतो आणि पोरं गाईडवर पास होतात. ही कला शाखा वाईट आहे, कबूल. त्यामुळे प्रवेशाला जाल तेव्हा प्राचार्यांना एवढंच विचारा: इतिहासाच्या मंजूर जागा किती, त्यातल्या भरलेल्या किती, आणि ग्रंथालयात यंदा नवीन पुस्तकं किती आली. जे उत्तर मिळेल ते त्याच ग्रुपवर टाका.