‘समुद्रात वाया जाणारं पाणी’: एका फॉरवर्डला उत्तर

पावसाळ्यात चिपळूण-खेडच्या पुराचे फोटो फिरायला लागले की त्यांच्या मागोमाग एक मेसेज येतो. यंदा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: कोकणातलं सगळं पाणी समुद्रात वाया जातं. समुद्र खाराच राहणार, त्याला काय फरक पडतो? हे पाणी घाटावर वळवा, म्हणजे कोकणातला पूर टळेल आणि मराठवाड्याचा दुष्काळ कायमचा संपेल. खाली हात जोडलेले.

दुष्काळ खोटा नाही, त्यामुळे मेसेजची चेष्टा करायची नाही. पण त्यातलं एकेक वाक्य धरून बघायला हवं.

‘वाया जातं.’ आजोळी खाडीकाठी जून महिना काढला असेल त्याला हा शब्द खटकेल. मे महिन्यात खाडी वरपर्यंत खारट झालेली असते, काठच्या विहिरी मचूळ. मग पहिला दमदार पाऊस पडतो, वहाळ भरतात आणि रात्री बत्ती घेऊन माणसं बाहेर पडतात, कारण मासे उलट्या धारेवर चढायला लागलेले असतात. रत्नागिरीकडे ते ‘चढणीचे’, रायगडात ‘वलगणीचे’. (अंडी घालायला निघालेला मासा वाटेतच मारायचा, ही आपली खोड वेगळी. तीही सोडायला हवी.) नदीचं पाणी खाडीत उतरतं तसं खारं पाणी मागे रेटलं जातं, गाळ येतो, तिवरं-कांदळ त्या गाळावर उभी राहतात. आपण बाजारात घेतो ती समुद्री कोळंबी अंडी समुद्रात घालते. तिची पिलं भरतीबरोबर आत येतात, तिवरांच्या मुळांत वाढतात आणि मग परत समुद्रात जातात. नदीतल्या लांब नांगीच्या मोठ्या कोळंबीचं नेमकं उलटं: ती राहते गोड्यात आणि पिलांसाठी उतरते मचूळ पाण्यात. जिताडा मासाही खाडीमुखाशी अंडी घालतो आणि त्याची पिलं आत वर येतात. या सगळ्यांना गोडं आणि खारं जिथे मिसळतं ती जागा लागते. निसर्ग आपल्यासाठी फुकट करतो त्या अशा कामांना अभ्यासक परिसंस्था सेवा म्हणतात. खाडीवर पाग टाकणाऱ्याला तो शब्द माहीत नसेल, पण कुठल्या महिन्यात पाणी कुठवर गोडं असतं हे तो चाखून सांगतो.

‘समुद्राला काय फरक पडतो?’ समुद्राला पडतोच, पण आधी काठावरच्या माणसांना पडतो. सिंधू नदीचं उदाहरण घ्या. तिच्यावर १९५५ साली कोटरीचा बंधारा झाला, वरही धरणं आणि कालवे वाढत गेले. खाली पाणी जाणं म्हणजे नासाडी, हाच युक्तिवाद तिथेही होता, आजही आहे. पाणी आटलं तसा गाळ आटला आणि समुद्र आत घुसला. ठठ्ठा आणि बदीन जिल्ह्यांतली शेतजमीन खारपड झाली, मच्छीमार गावं उठून कराचीकडे सरकली. १९९१ च्या पाणीवाटप करारात सिंध प्रांताला समुद्राकडे वर्षाला १ कोटी एकर-फूट पाणी सोडण्याची मागणी नोंदवावी लागली. वाया जाण्यासाठी कोणी एवढं भांडत नाही.

आपल्याच देशातला हिलसा मासा बघा. समुद्रातून अंडी घालायला निघालेली हिलसा गंगेतून अलाहाबादच्याही वर जायची. १९७५ मध्ये पश्चिम बंगालमधला गंगेवरचा फराक्का बंधारा सुरू झाल्यावर वरच्या पट्ट्यातली हिलसा जवळजवळ संपली.

याहून मजेशीर गोष्ट पावसाचीच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००२ साली अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांच्या पृष्ठभागाच्या उष्णतेची तुलना मांडली. उपसागरावर पाऊस आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर पसरतो, खालचं थंड पाणी सहज वर मिसळत नाही, पृष्ठभाग २८ अंशांच्या वर राहतो आणि ढग बनत राहतात, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे उपसागरात तरी जे पाणी ‘वाया’ गेलं ते पुढच्या पावसाला हातभार लावतं.

‘पूर टळेल.’ इथे साधा हिशेब करा. चार महिन्यांत १० टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) घाटावर न्यायचं तर बोगद्यातून सेकंदाला सुमारे २७ घनमीटर पाणी जाईल. आता घाटाखालच्या फक्त १०० चौरस किलोमीटरवर एका दिवसात ३०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी सरासरी सेकंदाला ३४७ घनमीटर होतं. कोकणात असा दिवस नवलाचा नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा मुसळधार पावसाला भरतीचीही साथ होती. तिथे २७ घनमीटरने काय झालं असतं?

‘घाटावर वळवा.’ कोकणच्या तळातून सहाशे मीटर वर चढवायचं तर एका घनमीटरला, पंपाची तूट धरून, २.२ युनिट वीज लागते. एक टीएमसीला झाले सव्वासहा कोटी युनिट, दरवर्षी. घाटाच्या कडेलाच अडवून उतारानं नेलं तर हा खर्च वाचतो, पण तिथे मिळणारं पाणी थोडं.

आणि एक गंमत मेसेजमध्ये येत नाही. पूर्वेकडे वाहणाऱ्या कोयनेचं पाणी आपणच विजेसाठी पश्चिमेला सोडतो. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादानं त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मुभा दिली. वीज करून झाली की ते कोळकेवाडीहून वाशिष्ठीत येतं. उन्हाळ्यात वाशिष्ठी वाहती दिसते ती बऱ्याच अंशी कोयनेच्या जिवावर. टाटांच्या मुळशी वगैरे धरणांचं पाणीही असंच घाट उतरतं. पूर्वेला पाणी हवंच असेल तर आधी हे पान उलटायला हवं. पण त्यात विजेचा प्रश्न आहे, म्हणून त्यावर फॉरवर्ड निघत नाही.

काहीच वळवू नये असं माझं म्हणणं नाही. कुठल्या नदीतून, कुठल्या महिन्यात, किती, आणि खाडीसाठी किती ठेवून, एवढं सांगा. ‘सगळं वाया जातं’ म्हटलं की यातला एकही प्रश्न विचारावा लागत नाही.

उरला ‘कायमचा संपेल’. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. लातूरच्याच मांजरा नदीच्या खोऱ्यात साखर कारखाने उभे आहेत आणि त्यांच्यामागे उसाचे फड. घाटावरून आणलेलं पाणी तिथे पोचलं, तर आधी नळाला येईल की फडाला, हे मेसेज पाठवणाऱ्या आमच्या काकांना मी विचारलं. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. निळ्या टिका मात्र दिसतायत.