यूआरएलमध्ये वंशावळ कशी घालावी

कॉमेंटचा आयडी डेटाबेसच्या अख्ख्या टेबलात एकमेव असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून काही लगेच /कॉमेंट्स/४०९१ असा उघडाबोडका राउट (सर्व्हरकडे माहिती मागायचा पत्ता) लिहायचा नसतो. राउट कसा भारदस्त हवा: /कंपन्या/३/प्रोजेक्ट्स/१२/टास्क्स/८८/कॉमेंट्स/४०९१. एका कॉमेंटला चार आयडी. फ्रंटएंडवाल्याच्या हातात शेवटचा एकच असेल, तर उरलेले तीन त्याने हुडकावेत. त्यापायी तीन रिक्वेस्ट जास्त गेल्या, तर एपीआयचा (या सगळ्या राउट्सच्या संचाचा) वापर वाढल्याचा ग्राफ तुम्हालाच दाखवता येतो.

रेल्स या वेब फ्रेमवर्कची गाइड एका पातळीपेक्षा खोल नेस्टिंग (पालकाच्या पत्त्याखाली मुलाचा पत्ता) करू नका म्हणते. वर ‘शॅलो’ नावाची सोयही देते: यादी आणि नवी नोंद तेवढी पालकाखाली, म्हणजे /टास्क्स/८८/कॉमेंट्स, एकेकटी कॉमेंट बघणं, बदलणं, उडवणं थेट /कॉमेंट्स/४०९१ वर. इतकं सुटसुटीत केलं तर डिझाइन रिव्ह्यूत बोलायचं काय?

आता हँडलर, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणारा कोड. चार आयडी मागितले म्हणून चारही तपासायचे, हा भाबडेपणा झाला. ‘युजर या कंपनीचा आहे का’ एवढं हँडलरच्या आधी चालणारं मिडलवेअर बघेल. हँडलरने शेवटचा आयडी उचलावा, कॉमेंट काढावी, पाठवून द्यावी. मग ९ नंबरच्या कंपनीतला कोणी /कंपन्या/९/प्रोजेक्ट्स/१/टास्क्स/१/कॉमेंट्स/४०९१ मारतो. कंपनी त्याचीच, मिडलवेअर खूश. कॉमेंट मात्र ३ नंबरवाल्यांची, आणि तीही २०० (‘सगळं ठीक’) सह घरपोच. ओवॅस्प या सॉफ्टवेअर-सुरक्षा संस्थेच्या एपीआय धोक्यांच्या यादीत २०१९ ला आणि २०२३ लाही पहिला नंबर याच जातकुळीच्या चुकीचा आहे. एवढी मानाची जागा सोडू नये. क्वेरीत टास्कपासून कंपनीपर्यंत जॉइन लावून (टेबलं जोडून), साखळी जुळली नाही तर ४०४ (‘सापडलं नाही’) देणारे लोक असतात. (४०३, म्हणजे ‘मनाई’, दिला तर ‘कॉमेंट आहे, पण तुला नाही’ हे कळतं, म्हणून ४०४. फारच संशयी मंडळी.) आणि सपाट राउटवरही परवानगी तपासावीच लागते, हे तर ते मुद्दाम सांगतात.

टास्क ८८ प्रोजेक्ट १२ मधून १५ मध्ये हलवलं, की त्याच्या सगळ्या कॉमेंट्सचे पत्ते बदलतात आणि ईमेलमधल्या जुन्या लिंका मेल्या. दोन्ही पत्ते चालू ठेवलेत तर आणखी बहार: एकावर पॅच (बदल) केलं, तरी दुसऱ्याची कॅशमधली प्रत शिळीच राहते.

‘माझी सगळ्या प्रोजेक्टांतली रखडलेली टास्क्स दाखवा’ असं कोणी म्हणालं, तर प्रोजेक्टांवर लूप फिरवायला सांगा. /टास्क्स?असाइनी=५&स्टेटस=रखडलेलं यात कष्टाचा घामच नाही.

एक अपवाद. ऑर्डरमधली ओळ २, जिचा नंबर त्या ऑर्डरबाहेर निरर्थक आहे, तिला नेस्टिंग खरोखर लागतं: /ऑर्डर्स/७/ओळी/२. तेव्हा तिथे मात्र राउट सपाट ठेवा, /ओळी/२. कुठल्या ऑर्डरमधली, हे ज्याला हवं तो विचारेल.