मांजरानं तोंड घातलं म्हणून मांजरच टाकून द्यायचं?

घरगुती ग्रुपांवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मांजरानं तोंड घातलेलं अन्न गरोदर बाईच्या पोटात गेलं की गर्भ पडतो. मांजराचा केस गिळला तर दमा लागतो. कुत्र्यानं चाटलेलं खाल्लं तर रेबीज होतो. असं भांडं पुन्हा वापरू नये. आणि शेवटी ठळक अक्षरांत, घरात कुणी गरोदर असेल तर प्राणी आधी बाहेर काढा.

जनावराचं उष्टं खाऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण कारण चुकीचं सांगितलं की माणूस भलत्याच ठिकाणी जपतो आणि जिथं जपायला हवं तिथं गाफील राहतो. पोटुशी बाई घरात असताना हे परवडत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

गर्भाची भीती ज्या रोगामुळे पसरली तो टॉक्सोप्लाझ्मोसिस. रोग खरा आहे. बाईला त्याची पहिली लागण गरोदरपणात झाली तर गर्भाला इजा होऊ शकते, गर्भपातही होऊ शकतो. मात्र त्याचा परजीवी मांजराच्या लाळेतून येत नाही, विष्ठेतून येतो. तोही कायम नाही. उंदीर, पाखरू किंवा कच्चं मांस खाऊन मांजराला पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडे विष्ठेतून त्याची अंडुकं पडतात, पुढं बहुधा थांबतात. ती ताजी असताना लागणही करत नाहीत, त्यांना तयार व्हायला 1 ते 5 दिवस लागतात. म्हणजे मांजराच्या शौचासाठी ठेवलेला वाळूचा ट्रे रोजच्या रोज साफ केला की धोका बराचसा तिथंच मिटतो. दुधाला जीभ लावण्याशी या रोगाचा संबंध नाही.

मग लागण होते कुठून? अर्धंकच्चं मांस, न धुतलेली भाजी, माती आणि दूषित पाणी. युरोपातल्या सहा शहरांत गरोदर बायकांचा मोठा अभ्यास झाला होता, 2000 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यात 30 ते 63 टक्के लागण नीट न शिजलेल्या किंवा खारवलेल्या मांसातून आणि 6 ते 17 टक्के मातीच्या संपर्कातून झाल्याचा अंदाज निघाला. मांजर जवळ असणं हे कारण त्यात ठरलं नाही.

गोव्यात डिचोलीकडच्या एका ओळखीच्या घरी पाहिलेलं सांगतो. ओट्यावर दुधाचं पातेलं उघडं होतं, भाटीनं, म्हणजे घरच्या मांजरीनं, येऊन जीभ लावली. सासूबाईंनी दूध परसात ओतलं. ते योग्यच केलं. मग भाटीला पिशवीत घालून थोरला मुलगा बाजाराकडे सोडायला निघाला. त्याच वेळी त्याच ओट्यावर, मटण कापलेली सुरी नुसती नळाखाली धरून, बाळंतपणाला आलेल्या लेकीसाठी तवसं (मोठी काकडी) चिरलं जात होतं. तवशाच्या सालीला माती तशीच होती. धोका पिशवीत नव्हता, सुरीवर होता. पण संदेशात सुरीबद्दल अक्षर नाही.

चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाची गोवन सॉसेजेस, खाणाऱ्या घरांनाही हेच सांगेन. मीठ-व्हिनेगरवर विसंबू नका, आतपर्यंत चांगली शिजवा.

केसाचं थोडक्यात. गिळलेला केस शौचावाटे निघून जातो, त्यानं दमा होत नाही. ज्यांना मांजराची ॲलर्जी असते ती मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाची. ते हवेतून श्वासात जातं. अशा माणसाला घरात मांजर असण्याचाच त्रास होतो, ताटातला केस हे त्याचं कारण नव्हे.

रेबीजचा विषाणू लाळेत असतो, हे खरं. पण तो पसरतो चाव्यातून, ओरखड्यातून, उघड्या जखमेवर किंवा डोळ्या-तोंडाच्या आतल्या त्वचेवर लाळ लागल्यानं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत धड कातडीवर चाटणं हे लस घ्यायचं कारण नाही. विषाणू वाळल्यानं आणि शिजवण्याच्या उष्णतेनं मरतो. गोव्यात गेलं दशकभर कुत्र्यांना गावोगाव लस टोचली गेली आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. तरी ढिलाई नको. कुत्रा चावला तर जखम साबणानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. कुत्रा आजारी, पिसाळल्यासारखा असेल आणि त्याचं उष्टं चुकून खाल्लं गेलं असेल, तरी डॉक्टरांना सांगा.

भांडं फेकायची काहीच गरज नाही. साबण आणि कढत पाणी पुरे.

आता उष्टं का टाकायचं, त्याचं खरं कारण. आपली मांजरं माशांची आतडी खातात, पाली मारतात. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू त्यांच्या तोंडावाटे अन्नात येऊ शकतात, आणि पावसाळ्याच्या दमट उष्म्यात उघडं राहिलेलं अन्न त्यांना वाढायला आयतंच मिळतं. पंजा तर तोंडाहून वाईट, कारण तो वाळूत आणि मातीत फिरून आलेला असतो. उकळल्यानं जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. म्हणून दूध, आमटी, हुमण (माशाची आमटी) असं पातळ असेल तर सगळं ओता. पावाचं टोक कुरतडलं असेल तर धडधाकट माणसानं तेवढा भाग मोठा कापून टाकला तरी चालेल. गरोदर बाई, तान्हं मूल, म्हातारी माणसं आणि कर्करोगाचे उपचार घेणारे यांच्यासाठी मात्र पूर्ण टाका. त्याहून सोपं म्हणजे झाकण ठेवा, किंवा जाळीचं कपाट वापरा. आपल्याकडे शिंकं होतं ते याचसाठी.

राहिली शेवटची ओळ, प्राणी बाहेर काढा. घरात वाढलेली भाटी बाजारात सोडली की तिला तिथं जागा मिळत नाही, ती कोपऱ्यात बसून राहते आणि उपाशी मरू शकते. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. शंका असेल तर डॉक्टरांना विचारून टॉक्सोप्लाझ्माची रक्ततपासणी करून घ्या. वाळूचा ट्रे साफ करायचं काम बाळंत होईपर्यंत नवऱ्यानं किंवा सासऱ्यांनी घ्यावं, रोज सकाळी. मटणाची सुरी आणि फळी वेगळी ठेवा. आणि भाटीला शिजवलेलंच खायला घाला, कच्चं मांस नको.