बदक नक्की शाकाहारी आहे ना?

सिंगापुरात राहणाऱ्या शाकाहारी मराठी माणसाला ऑफिसातली एखादी चिनी मैत्रीण कधी ना कधी जेवायला नेतेच. तुम्ही मांस-मासे खात नाही हे तिनं लक्षात ठेवलेलं असतं. म्हणून ती मुद्दाम वॉटरलू स्ट्रीटच्या आसपासचं चिनी शाकाहारी रेस्टॉरंट निवडते आणि वर "तुझ्या मित्रांनाही घेऊन ये" म्हणते. असा प्रसंग ओढवला तर घाबरू नका. थोडी काळजी घेतलीत तर एकही नवी चव जिभेला न लागू देता सुखरूप घरी परतता येतं.

आधी माणसं नीट निवडा. एक जण सात पिढ्यांचा शाकाहारी हवा. एक जण 'मी तसा सगळं खातो, पण आज गुरुवार आहे' या गटातला हवा. तिसरा नुकताच पुण्याहून आलेला असला तर उत्तम. कुठलाही पदार्थ खरा कुठे मिळायचा हे त्याला ठाऊक असतं, आणि ते दुकान हमखास बंद पडलेलं असतं. जैन मित्राला मात्र टाळा. तो कंदमुळं आणि अळंबी कशात नाहीत तेवढं विचारून घेईल, निमूटपणे जेवायला लागेल आणि तुमच्या तक्रारीतली हवाच काढून घेईल.

वॉटरलू स्ट्रीटवर क्वान यिन या करुणेच्या बौद्ध देवीचं मोठं देऊळ आहे आणि त्याला लागूनच 1870 सालचं कृष्णाचं देऊळ. चिनी भाविक क्वान यिनला नमस्कार करतात आणि तसेच पुढे जाऊन कृष्णासमोरही उदबत्ती लावतात. तुमची मैत्रीणही तिकडूनच येईल. कोणाच्या परवानगीनं, हे तिला विचारू नका. चेहऱ्यावर दिसलं की पुरे. बोलता बोलता ती सांगेल की तिची आजी चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस खात नाही, म्हणून तीही त्या दिवशी शाकाहारी असते. यावर "महिन्यातून दोनच दिवस?" असं हसून म्हणा. गुरुवारवाला तेवढ्यात मेनूकार्डात डोकं खुपसेल, तिकडे लक्ष देऊ नका.

मेनूकार्डाच्या पहिल्याच पानावर भाजलेलं बदक असतं. तपकिरी, तकतकीत, व्यवस्थित काप केलेलं. इथे दचकणं अपेक्षित आहे. मैत्रीण समजावून सांगेल की सोयाबीनचं दूध तापवलं की वर साय धरते, ती काढून तिचे थर एकावर एक रचायचे, वाफवायचे, मग तळायचे, की झालं बदक. शांतपणे ऐकून घ्या, मान डोलवा आणि विचारा, "पण चिकन नाहीये ना यात?"

दुसरं प्रकरण गव्हाचं. कणकेचा गोळा पाण्यात धूत राहिलं की सत्त्व वाहून जातं आणि हातात एक चिवट लगदा उरतो. या लगद्याचं इथे कधी डुकराचं मांस होतं, कधी कोंबडी. आपल्याकडे कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून आपण नेमका चीक ठेवतो आणि चोथा बाजूला काढतो. कोणी फारच काटकसरी असेल तर त्याच्या भुसवड्या घालतं, नाहीतर गुरं आहेतच. म्हणजे ज्याच्यावर या लोकांनी अख्खी पाककला उभी केली ते आपण गोठ्यात पाठवलं. ही माहिती टेबलावर अवश्य सांगा, फक्त सूर असा ठेवा की निर्णय आपलाच बरोबर होता.

कोळंबी कोंजॅकची असते. कोंजॅक हा सुरणाच्याच कुळातला कंद. सुरण तुमच्या घरी उपासालासुद्धा चालत असेल, पण त्याला जरा बाक देऊन अंगावर गुलाबी पट्टे ओढले की तो बाटतो. माशाचं तर विचारूच नका. आत टोफू, आणि वरून खवल्यांच्या जागी समुद्री शेवाळाचा काळा पापुद्रा. एरवी बांगड्याचं डोकं चोखणारा तुमचा गुरुवारवाला इथे म्हणेल, "याला माशाची चव कुठे आहे?" आणि सात पिढ्यांचा शाकाहारी म्हणेल, "याला माशाचा वास येतोय." त्यानं आयुष्यात मासा हुंगलेला नाही, हा मुद्दा काढून मैत्रीत वितुष्ट आणू नका.

आता कोणीतरी तो प्रश्न विचारायला हवा. कोणी विचारला नाही तर तुम्ही विचारा: "शाकाहारीच खायचं तर मग हे सोंग कशाला?" मैत्रिणीला हे आजवर प्रत्येक भारतीयानं विचारलेलं असतं, तरी ती उत्तर देईल. सहाव्या शतकात लिआंग घराण्याच्या सम्राट वूनं बौद्ध भिक्षूंना मांस आणि मद्य वर्ज्य केलं. पुढे सोंग घराण्याच्या काळात राजधानीत मांसाची नक्कल करणारी जेवणं विकली जात होती. मठांत येणारे दाते, पाहुणे बहुतेक मांस खाणारे. त्यांचा पाहुणचारही व्हायला हवा आणि हिंसाही व्हायला नको. म्हणजे ही मूळची दुसऱ्याची सोय पाहणारी कला. इतका इतिहास ऐकल्यावर पुण्याहून आलेल्यानं घड्याळ पाहावं.

या मंडळींच्या स्वयंपाकात कांदा नाही, लसूण नाही, पातीचा कांदा नाही. बौद्ध ग्रंथांत ज्या पाच उग्र वस्तू निषिद्ध सांगितल्या आहेत त्यांच्या एका यादीत आपला हिंगसुद्धा आहे. आपण चातुर्मासात चार महिने कांदा-लसूण सोडतो, त्याआधी कांदेनवमीला भज्यांवर ताव मारतो, आणि सोडल्याचं चार महिने सगळ्यांना सांगतो. इथे बारा महिने चातुर्मास, आणि कोणी काही बोलतही नाही. तुमच्या आजीला ज्या एकमेव परदेशी हॉटेलात डोळे मिटून नेता येईल असं हे ठिकाण आहे. तेव्हा पहिला घास घेताच म्हणा, "लसणाची फोडणी असती तर मजा आली असती."

अंड्याचं विचारा. काही ठिकाणी अंडं आणि दूध चालतं, तेव्हा एकदा विचारण्यात काहीच गैर नाही. म्हणूनच एकदा विचारून थांबू नका. प्रत्येक बशी आली की वाढणाऱ्या आंटीला नव्यानं विचारा. पांढऱ्या भाताच्या वेळी तर जरूर.

त्यानंतर अजिनोमोटो. हा शब्द उच्चारताना आवाज थोडा खाली आणा. इकेडा या जपानी रसायनतज्ज्ञानं 1908 साली ही चव समुद्री शेवाळातून वेगळी काढली. 1923च्या सुमारास वू युनचू या चिनी उद्योजकानं शांघायमध्ये तीच पूड बनवायला घेतली आणि जे बौद्ध मांसाचा रस्सा घेत नाहीत त्यांच्यापर्यंत ती जाहिरातीतून पोचवली. म्हणजे शाकाहाऱ्यांच्या जेवणाला चव यावी म्हणून ज्या वस्तूचा खप वाढवला, तिच्यापासून स्वतःला वाचवण्यासाठी तुम्ही शाकाहारी आहात. आंटीला दोन्ही हातांनी फुली करून दाखवा. घरी निघताना टॅक्सीत मसाला चिप्सचं पाकीट फोडायला हरकत नाही, त्यावरचं बारीक छापलेलं कोणी वाचत नाही.

इतकं झाल्यावर मागवायचं काय? फ्राइड राइस आणि नूडल्स. सोबत शेजवान चटणी मागा. सिचुआन प्रांतात ही आपली लाल चटणी कोणी पाहिलेली नाही. आंटी एक वाटीभर ओल्या मिरच्यांचे काप सोया सॉसमध्ये आणून देईल. तिच्याकडे दयेनं पाहा आणि पिशवीतून ठेच्याची बाटली काढा. मैत्रिणीनं दरम्यान सगळ्यांसाठी लुओहान झाय, म्हणजे बौद्धांची मिसळीची भाजी, मागवलेलं असेल. अठरा अर्हतांच्या, म्हणजे बौद्ध सिद्धपुरुषांच्या, नावानं अठरा जिनसा घालायची त्याची जुनी रीत आहे, अर्थात रोजच्या जेवणात इतकं कोणी मोजत नाही. तुम्ही मात्र मोजा. काड्यांनी एकेक काळी अळंबी, कमळकाकडीची चकती, शेवयांचा गुंता बशीच्या कडेला लावत जा. अर्धवट पंचनामा झाल्यावर "फ्लॉवर आहे तेवढा खातो" म्हणा.

टेबल गोल असतं, मधली काच फिरते. समोरच्याच्या चमच्यात टोफू असताना ती फिरवण्यात एक वेगळा आनंद आहे. चहाच्या किटलीचं झाकण तिरकं करून ठेवलं की किटली भरून मिळते. ही खूण माहीत असली तरी "एक्स्क्यूज मी" असं ओरडणं जास्त घरगुती वाटतं. भातात काड्या उभ्या खोचू नका, मृतासमोर ठेवायच्या भातात तशा खोचतात. तसं चुकून झालं तर मैत्रीण काही न बोलता त्या काढून आडव्या ठेवेल. तिनं असं का केलं हे तिलाच विचारा, अख्ख्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात.

बिल आलं की खरी परीक्षा. न मागता ठेवलेले शेंगदाणे आणि ओले टिश्यू यांचे पैसे बऱ्याच ठिकाणी लावतात. वर दहा टक्के सेवा आकार आणि नऊ टक्के जीएसटी. शेंगदाण्यांवर किमान दहा मिनिटं वाद घाला, मग फोन काढून कोणी चहा घेतला नाही याचा हिशेब सुरू करा. हिशेब पुरा होईपर्यंत तुमच्या लक्षात येईल की मैत्रीण हात धुवायला म्हणून मघाशी उठली होती तेव्हाच पैसे भरून आली आहे. "अगं, असं कसं, असं कसं" तीनदा म्हणा आणि फोन खिशात ठेवा.

तिला निरोप दिला की लिटल इंडियातला सिरंगून रोड चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 1947पासून चालू असलेल्या कोमला विलासात जा आणि डोसा खा. उपाशीपोटी घरी जायचं नसतं.

परतफेड राहिली. मैत्रिणीला घरी बोलवा. थालीपीठ, भरली वांगी तिला काय झेपणार, म्हणून तिच्यासाठी खास कोबीचं व्हेज मंचुरियन करा. नेल्सन वाँग या कोलकात्यात जन्मलेल्या आचाऱ्यानं 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात हा पदार्थ पहिल्यांदा केला असं सांगतात. तेव्हा तो कोंबडीचा होता. मैत्रीण बशीकडे कुतूहलानं पाहील आणि हे काय आहे विचारेल. "काय म्हणजे? तुमचंच तर आहे!" असं म्हणून दोन गोळे जास्त वाढा. आणि तिनं एक गोळा चाखून "यात मांस नाही ना?" असं विचारलं, तर मात्र मनाला लावून घ्या.