एका जॅकवर टायमिंग कव्हर? अजिबात नाही!

काल रात्री धायरीहून भाच्याचा फोन, "मामा, गाडीचं टायमिंग कव्हर गळतंय, उद्या पार्किंगमध्येच खोलतो, तुझी टॉमी दे." (टायमिंग कव्हर म्हणजे इंजिनच्या बाजूला टायमिंग चेन झाकणारं झाकण, आणि टॉमी म्हणजे घट्ट बोल्ट सोडवायचा लांब दांडा.) सोबत तो फॉरवर्ड, जो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरपण तीनदा आलाय: 'गॅरेजला पैसे देऊ नका, डिकीतला जॅक, चार विटा आणि पाने, दोन तासात कव्हर हातात.' वाचून डोकंच फिरलं.

सगळ्यात भयानक म्हणजे त्या विटा. त्यात लिहिलंय जॅकने गाडी उचला, विटांवर टेकवा आणि तोच जॅक काढून इंजिनखाली लावा. इंजिनखाली आधार लागतो हे खरंय, कारण आडवं इंजिन असलेल्या बहुतेक गाड्यांत कव्हर काढायला त्या बाजूचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन बॉडीला धरून ठेवणारा माउंट, सोडावं लागतं, पण म्हणून गाडी विटांवर? वीट आतून तडकलेली असली तर बाहेरून कळत नाही आणि फुटते ती एका झटक्यात, आणि त्यावेळी पोरगं खाली झोपून चेंबरचे, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचे, बोल्ट सोडत असणार! गाडीसोबतचं पुस्तक काढून बघा, डिकीतला जॅक फक्त चाक बदलायला, त्यावर गाडी असताना खाली जायचं नाही, असं स्पष्ट छापलेलं असतं. त्याचं पार्किंग उताराचं, पुढची चाकं उचलल्यावर गाडी गिअरमध्ये टाकून अडत नाही, कारण अशा गाड्यांत गिअर पुढच्याच चाकांना धरतो. सपाट जागा, मागच्या चाकांना उटी (अडवायला ठोकळे), गाडीखाली दोन घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड), आणि इंजिनसाठी वेगळा जॅक, चेंबर आणि जॅकच्या मध्ये लाकडी ठोकळा. एवढं नसेल तर बोनेटच उघडू नका.

'पुलीचा बोल्ट स्टार्टर मारून सुटतो.' इंजिनच्या पुलीच्या बोल्टला टॉमी अडकवून स्टार्टर मारला की सुटतो, मान्य, जुने मेकॅनिक करतात. पण इंजिन चालू झालं तर ती टॉमी कुणाच्या तोंडावर येईल? पुली धरायचं टूल मिळतं, ते वापरा. आणि बॅटरी सोडायची गरज नाही म्हणे! निगेटिव्ह आधी काढायची, विषय संपला.

'कव्हर अडलं तर स्क्रू-ड्रायव्हरने उचका.' अडलंय म्हणजे बऱ्याचदा कुठेतरी बोल्ट राहिलेला असतो, कधी खालून, चेंबरमधून वर आलेला. कव्हर बसतं त्या अॅल्युमिनियमवर खोल ओरखडा पडला की नवीन सिलिकॉन (सांधा बंद करायची पेस्ट) लावूनपण तिथूनच ऑइल गळू शकतं.

टॉमी दिली नाही. आज सकाळी नाना पेठेत घोड्या बघायला दोघं गेलो.